वकिलीची सनद आणि कॉलेजाबाहेरचा इल्म

मावळातल्या एखाद्या गावी एक गृहस्थ वारले. मागे बेवा, एक मुलगा आणि दोन मुली. नावावर बत्तीस गुंठे जमीन. कोणाला किती? मकतबात फरायजचे धडे गिरवलेली मुलगी हे गणित कागदावर लगेच मांडून दाखवील. कफन-दफनाचा खर्च, कर्ज आणि वसीयत वजा झाल्यावर बेवेला आठवा हिस्सा, म्हणजे चार गुंठे. उरले अठ्ठावीस. मुलाला दोन भाग आणि मुलीला एक, या प्रमाणात मुलाला चौदा आणि दोघी बहिणींना सात-सात. चार, चौदा, सात, सात. बत्तीस पुरे झाले.

आता हीच मुलगी काळा कोट घालून वडगाव मावळच्या न्यायालयात उभी राहिली असे समजू. तिथे तिला पहिला प्रश्न येईल तो असा की जमीन गावठाणातली आहे की शेतीची? कारण १९३७ च्या शरीअत कायद्याच्या कलम २ मध्ये शेतजमीन वगळलेली आहे. १९३५ च्या कायद्याने शेतजमीन हा प्रांतांचा विषय ठरवला होता, म्हणून मध्यवर्ती कायदेमंडळाने तिला हात लावला नाही. मग शेताला कोणता नियम लागू, याचा शोध जुन्या निवाड्यांत घ्यावा लागतो. दुसरा प्रश्न तुकडेबंदीचा. हिस्सा सात गुंठे निघाला तरी तेवढा वेगळा तुकडा १९४७ चा कायदा पडू देईल का? तिसरा प्रश्न, वडील वारल्यावर गाव नमुना ६-क मध्ये वारस म्हणून मुलींची नावे लागली का, की एकट्या भावाचेच लागले? आणि मूळ कागद पणजोबांच्या काळचा, मोडी लिपीतला निघाला, तर तो वाचणार कोण?

एका वकिलाच्या एका साध्या दाव्यात हिशेब आला, जमिनीचे दप्तर आले, इतिहास आला आणि लिपीही आली. कायद्याच्या वर्गात यातले थोडेसेच मिळते. म्हणून बारावीचा निकाल लागल्यावर ज्या घरात ‘लेकीला वकील करायचे’ असे बोलणे निघते, तिथे पाठोपाठ दुसरा प्रश्नही निघतो. कायदा शिकता शिकता बाहेरचे काही शिकता येते का, आणि ते पदवीत धरले जाते का?

उत्तर नीट समजून घेतले पाहिजे, कारण ते चुकले तर वर्षे वाया जातात.

अमेरिकेतल्या अनेक लॉ स्कूलमध्ये विद्यार्थी त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या विभागात जाऊन अर्थशास्त्राचा किंवा एखाद्या भाषेचा अभ्यासक्रम घेतो, आणि लॉ स्कूलने मान्यता दिली तर त्याचे काही श्रेयांक कायद्याच्या पदवीत जमा होतात. परदेशात असलेल्या नातेवाइकांकडून आपण हे ऐकतो आणि इथेही तसेच असेल असे धरून चालतो. इथे तसे नाही. आपल्याकडे कायद्याचे शिक्षण १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टखाली बार कौन्सिल ऑफ इंडिया ठरवते आणि तिचे २००८ चे विधी शिक्षण नियम सर्व विद्यापीठांना लागू आहेत. त्या नियमांतल्या सहाव्या नियमाप्रमाणे कायद्याच्या पदवीला नाव असताना दुसरी कोणतीही नियमित पदवी, पदव्युत्तर पदवी किंवा प्रमाणपत्र अभ्यासक्रम एकाच वेळी करता येत नाही. सवलत दोनच गोष्टींना आहे. भाषा, संगणकशास्त्र किंवा संगणक वापर यांचा अल्प मुदतीचा अर्धवेळ प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालतो. आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राचा अभ्यासक्रम चालतो. हे दोन्ही करता येतात, पण त्यांचे गुण कायद्याच्या गुणपत्रिकेत चढत नाहीत. ते ज्ञान तुमच्या पदरी राहते, पदवीत जमा होत नाही.

२०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली, तेव्हा अनेकांना वाटले की आता कायद्याबरोबर एम.ए. सुद्धा वर्गात बसून करता येईल. पण व्यावसायिक अभ्यासक्रमांना त्यांच्या-त्यांच्या परिषदेचे नियम लागू राहतात. सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने तर परिपत्रकच काढले. दुसरा नियमित अभ्यासक्रम करत नाही, नोकरी असल्यास मालकाची परवानगी घेतली आहे, असे विद्यार्थ्याकडून लिहून घ्यावे, असे त्यात आहे. खोटे लिहून दिले तर ते पुढे सनदेच्या अर्जापाशी उघडे पडते. सकाळी एका कॉलेजात बी.एड. आणि संध्याकाळी दुसऱ्यात एलएल.बी., असला सल्ला देणारे ओळखीचे लोक असतात. त्यांना चहा पाजावा आणि निरोप द्यावा.

तसेच ‘घरबसल्या एलएल.बी.’ हाही भूलभुलैया आहे. कायद्याची पदवी दूरशिक्षणाने घेतली तर बार कौन्सिल ती मानत नाही, सनद मिळत नाही. वर्गात प्रत्येक विषयाला सत्तर टक्के हजेरी हा नियम आहे.

मुक्त विद्यापीठातून शिकलेल्या आपल्या बहिणींना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. अनेक जणी लग्नानंतर, मुले मोठी झाल्यावर, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम करून थेट बी.ए. होतात. फार कौतुकाची गोष्ट आहे. परंतु दहावी-बारावीची पायरी गाळून मिळवलेली अशी पदवी कायद्याच्या प्रवेशाला चालत नाही, असे त्याच २००८ च्या नियमांच्या स्पष्टीकरणात आहे. दूरशिक्षणाने घेतलेली पदवी चालते. अडचण गाळलेल्या पायरीची आहे. ज्या भगिनीच्या मनात पुढे कधी वकिली करायची आहे, तिने आधी १७ नंबरचा फॉर्म भरून किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी-बारावी पुरी करावी आणि मग पदवीकडे वळावे. दोन वर्षे जास्त लागतील, पण पुढचे दार बंद होणार नाही.

मग कायद्याबाहेरचा अभ्यास कायद्याच्या पदवीला खरोखर जोडला जातो तो कुठे? दोन ठिकाणी, आणि मावळातल्या घरांना निवड करायची असते ती या दोनांतच.

एक रस्ता बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या एकत्रित अभ्यासक्रमाचा. बी.ए. एलएल.बी. मध्ये इंग्रजी, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र हे विषय कायद्याच्या कॉलेजातच शिकवले जातात आणि पदवीत धरले जातात. बी.बी.ए. एलएल.बी. मध्ये त्यांच्या जागी व्यवस्थापनाचे विषय येतात. बाहेर कुठे जावे लागत नाही. दुसरा रस्ता आधी पदवी आणि मग तीन वर्षांची एलएल.बी. यात एक वर्ष जास्त जाते. पण पहिली तीन वर्षे जे हवे ते शिकता येते. वाणिज्य, अरबी, इतिहास, भूगोल, काहीही. ४५ टक्के गुण पुरतात. इतर मागासवर्गाला ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्क्यांची अट आहे. दोन्ही रस्त्यांना महाराष्ट्रात सीईटी द्यावी लागते आणि ती मराठीतूनही देता येते.

एक वर्ष वाचते म्हणून बहुतेक जण पाच वर्षांचा रस्ता चांगला म्हणतात. मला ते सरसकट पटत नाही. नियमांच्या तेराव्या कलमात लिहिले आहे की एकत्रित अभ्यासक्रमातून मध्येच बाहेर पडून अर्धी पदवी मिळणार नाही, आणि मध्येच आतही येता येणार नाही. म्हणजे तिसरे वर्ष पास झालेली मुलगी काही कारणाने थांबली, तर तिच्या हाती बी.ए. नसते. कागदोपत्री ती बारावी पासच राहते. आपल्या घरांतून मुलीचे शिक्षण मध्येच कशाने थांबते, हे आपण सगळे जाणतो. चांगले स्थळ येते, निकाह ठरतो, ‘पुढचे तिकडे शिकव’ असे शब्द होतात. ते शब्द कधी पाळले जातात, कधी नाही. बी.ए. किंवा बी.कॉम. आधी झालेले असेल तर निदान एक पदवी कोणी काढून घेऊ शकत नाही, आणि दहा वर्षांनीही तिला एलएल.बी.चे दार ठोठावता येते. ज्या घरात पाच वर्षे काही झाले तरी शिक्षण थांबवणार नाही असा पक्का इरादा आहे, त्या घराने खुशाल पाच वर्षांचा रस्ता घ्यावा. इरादा डळमळीत असेल तर सहा वर्षांचाच बरा.

मावळापुरता दुसराही हिशेब आहे. पदवीसाठी लोणावळ्यात डॉ. बी. एन. पुरंदरे महाविद्यालय आहे, तळेगाव दाभाड्यात इंद्रायणी महाविद्यालय आहे. कामशेतची मुलगी सकाळी जाऊन दुपारी घरी येते. कायद्यासाठी बहुतेकांची नजर पिंपरी-पुण्याकडेच जाते. आझम कॅम्पसमध्ये महाराष्ट्र कॉस्मोपॉलिटन एज्युकेशन सोसायटीची ए. के. के. न्यू लॉ अकॅडमी आहे, १९२४ पासूनचे आयएलएस लॉ कॉलेज आहे, पिंपरीत डॉ. डी. वाय. पाटील यांचे कॉलेज आहे. लोणावळा लोकल मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव करत पुण्याला जायला सव्वा ते दीड तास घेते आणि दुपारच्या गाड्या मोजक्याच आहेत. सत्तर टक्के हजेरी म्हणजे पाऊस असो वा रोजे असोत, ही गाडी पकडणे. अठराव्या वर्षी पाच वर्षे ती पकडण्यापेक्षा एकविसाव्या वर्षी तीन वर्षे पकडणे काही घरांना सोपे जाते. काहींना नाही. ज्याचे त्याने पाहावे.

पहिल्या पदवीत काय शिकावे, यावर आपल्याकडे विचारच होत नाही. ‘कसली तरी बी.ए. करून घे, मग लॉ’ असे सांगून मोकळे होतात. खरे तर बाहेरचे शिकण्याची हीच मोकळी तीन वर्षे असतात.

या बाबतीत आपल्या शेजारच्याच एका माणसाचे उदाहरण फार मोठे आहे. लोणावळ्याहून घाट उतरून कर्जतच्या पुढे नेरळ लागते आणि वर माथेरान. तिथे १० एप्रिल १८९९ रोजी आसफ अली असगर फैजी जन्मले. मुंबईत कायदा शिकल्यावर ते केंब्रिजला गेले, ते अरबी आणि फारसी शिकायला. पुढे बॅरिस्टर झाले, मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली आणि १९३८ ते १९४७ मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९४९ मध्ये त्यांचे मुस्लिम कायद्यावरचे इंग्रजी पुस्तक निघाले आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी व न्यायालयांनी ते हाताळले. त्यांची सगळीच मते सर्वांना पटली नाहीत, आजही पटत नाहीत. पण फातिमी काळातल्या काझी नुअमान यांच्या कायद्याच्या ग्रंथाची अरबी संहिता संपादित करून छापणारा मुंबईचा वकील त्या काळात दुसरा कोण होता? भाषांतरावर विसंबणारा वकील आणि मूळ ग्रंथ उघडणारा वकील यांतला फरक फैजींनी दाखवून दिला, आणि तो फरक त्यांना कायद्याच्या वर्गात मिळाला नव्हता.

त्यांच्या आधी, १९३५ ते १९३८, त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कोलंबिया आणि लंडन येथे अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा. त्याच महाविद्यालयात शिकवलेले न्यायमूर्ती मोहम्मद करीम छागला ऑक्सफर्डला इतिहास शिकले होते. एका कॉलेजात एवढी माणसे योगायोगाने जमली असतील, पण कायद्यासोबत दुसरी एक विद्या पक्की शिकण्याचा तो काळाचा रिवाजही होता.

आपल्या परंपरेत तर हे नवे नाहीच. इमाम अबू हनीफा (रह.) कूफ्यात रेशमी कापडाचा व्यापार करत. खरेदी-विक्रीच्या मसाइलवर त्यांची पकड होती तिच्यामागे बाजारातला अनुभव होता. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी यांनी बीजगणिताचे पुस्तक लिहिले, त्याचा मोठा भाग वारसा आणि वसीयतीच्या उदाहरणांनी भरलेला आहे. आपल्या मुलामुलींना शाळेत ‘क्ष’ काढायला कंटाळा येतो, तेव्हा त्यांना हे जरूर सांगावे.

तर मावळातल्या मुलीने काय शिकावे? माझे मत विचाराल तर पहिली जमीन. पवना धरण, द्रुतगती मार्ग, तळेगावची एमआयडीसी, लोणावळ्याचे बंगले, यांनी या तालुक्यात गुंठ्याला भाव आणला आणि घराघरात कागद आणले. त्या कागदांत सर्वांत जास्त वेळा हरणारी बाजू बहिणीची असते. कुरआनने तिचा हिस्सा ठरवून दिला आहे हे घरात सर्वांना ठाऊक असते, तरी हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली जाते, आणि ती सही करते, कारण माहेर तुटायला नको. कॉलेजात जमीन कायद्यांचा पेपर असतो, पण सातबारा, आठ-अ आणि फेरफार यांचा मेळ घालायला माणूस शिकतो तो तलाठ्याच्या (आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणायचे) दप्तरापाशीच. पहिल्या पदवीच्या काळात स्वतःच्याच घराचा सातबारा काढून शंभर वर्षांचे फेरफार मागे मागे तपासत जावे. फुकटचा अभ्यासक्रम आहे.

दुसरे हिशेब. बी.कॉम. करून कायद्याला गेलेली मुलगी ट्रस्टचा ताळेबंद वाचू शकते. मशीद, दर्गा, कब्रस्तान यांच्या कमिट्यांना अशा वकिलाची किती गरज आहे, हे २०२५ मध्ये दिसले. वक्फ मालमत्तांचे तपशील ‘उमीद’ पोर्टलवर चढवायचे काम निघाले आणि जागोजागी ट्रस्टी मंडळी जुनी सनद, जुना नकाशा, जुनी पावती शोधत बसली. कागद एकाकडे, वाचणारा दुसरीकडे, संगणक जाणणारा तिसरीकडे.

तिसरे भाषा आणि लिपी. उर्दू अनेक घरांत आहे, पण दस्तऐवजातली उर्दू-फारसी वळणे वेगळी असतात. मोडीचे तर वाचणारेच कमी उरले आहेत आणि पुण्यात पेशवे दप्तरासारखा मोडी कागदांचा डोंगर आहे. पुण्यात मोडीचे छोटे वर्ग भरतात. भाषेच्या अल्प मुदतीच्या प्रमाणपत्राला कायदा शिकतानाही सवलत आहे हे वर आलेच. मोडी ही लिपी आहे, भाषा नव्हे, असा कीस कोणी काढू शकतो. म्हणून एलएल.बी.ला प्रवेश झाल्यावर असा वर्ग लावायचा असेल तर आधी कॉलेजकडून लेखी विचारून घ्यावे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे ग्राहक संरक्षण, मानवी हक्क अशा विषयांचे दूरशिक्षणाचे अभ्यासक्रम त्या सवलतीत सरळ बसतात.

आणि एक शिक्षण असे आहे की ते कॉलेजच्या भिंतींबाहेर होते आणि तरीही पदवीसाठी सक्तीचे आहे. ते म्हणजे इंटर्नशिप. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात वीस. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. वकिलाकडे, न्यायालयात, सेवाभावी संस्थेत ती करता येते, आणि एकदा तरी वकिलाच्या हाताखाली काम करावेच लागते. पुष्कळ मुले ओळखीच्या वकिलाकडून दाखला आणून हे आठवडे कागदावरच उरकतात. अब्बांनी या बाबतीत मदत करू नये, हीच खरी मदत. वडगावचे न्यायालय मावळातल्या मुलांच्या दारात आहे. स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो. पोटगीसाठी, हिश्श्यासाठी येणाऱ्या बायका तालुका विधी सेवा समितीच्या बाकावर बसलेल्या असतात. त्यांचे अर्ज लिहून देताना जे कळते ते पुस्तकात नाही. लोकअदालतीत तडजोड कशी घडते, कोण कुठे नमते, हेही तिथेच दिसते.

पैशाचे दोन शब्द. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या, इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल घटक वगैरे प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. आपल्यातल्या तांबोळी, पिंजारी, अत्तार, मोमीन अशा अनेक बिरादऱ्या इतर मागासवर्गात येतात. जातीचा दाखला, पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेयर हे कागद बारावीच्या वर्षातच काढायला टाकावेत. प्रवेशाच्या आठवड्यात ते मिळत नाहीत. सनदेच्या वेळी पूर्वी नोंदणीला हजारो रुपये लागत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायद्यात आहे त्याहून जास्त फी घेता येणार नाही, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराला साडेसातशे रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला एकशे पंचवीस. सनद महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल देते. त्यानंतर वकिली चालू ठेवायला अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हावी लागते.

प्रवेशाच्या दिवसापासून एक फाइल करावी. पहिल्या पदवीची गुणपत्रिका, गॅप असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र, भाषेच्या वर्गाची पावती, दूरशिक्षणाचे नोंदणीपत्र, कॉलेजने दिलेले लेखी उत्तर, इंटर्नशिपचे दाखले, सगळे तारखेप्रमाणे. सनदेचा अर्ज भरताना मागच्या प्रत्येक वर्षाचा हिशेब द्यावा लागतो, आणि तेव्हा हीच फाइल उघडली जाते.